जपानी गॅलरीतलं माझं गप्प बसणं

त्या गॅलरीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, तेवढं मला आवडलं. बाकी पहिल्या दिवशी काहीच आवडलं नाही.

गॅलरी एका जपानी बाईंची होती. पूर्व लंडनमध्ये, कालव्याच्या काठी, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आणि वर जिना चढून ही. पाच-सहा जणांचं मिळून प्रदर्शन होतं आणि त्यात माझी मुलगी होती. मी लोकांना सांगायची की मुलगी चित्रकार आहे, पण खरं म्हणजे ती चित्रं काढत नाही. कॉलेजात काढायची, मग सोडून दिलं. आता ती कल्पना करते. म्हणजे मनात एक विचार येतो आणि तो कुठेतरी मांडून ठेवायचा, कधी खुर्ची, कधी दोरी, कधी नुसताच कागद. हे होते तेव्हा म्हणायचे, कल्पना मलाही सुचतात, पण शिफ्ट संपल्यावर. हे विमानतळावर वर्कशॉपला होते. मी विमानात जी जेवणं जातात त्यांचे ट्रे भरण्याच्या कारखान्यात. विमानतळाशेजारच्या हाउन्सलोत आमच्यासारख्यांना हीच कामं होती आणि ती बरी होती.

हे जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी पूर्व लंडनमध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहायची आणि रविवारी माझ्याकडे यायची. त्या वर्षी वसंतात ती येताना एक छोटं रेकॉर्डर घेऊन यायला लागली. टेबलावर डाळीच्या डब्याशेजारी ठेवायची आणि म्हणायची, "आई, बोल."

"काय बोलू?"

"काहीपण. तुझं लहानपण."

मी बोलले. मला बोलायला सांगावं लागत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं ते सांगितलं. लग्न, मग हे आधी इकडे आले, मग मी आले, हीथ्रोवर उतरले तेव्हा पायात मोजे नव्हते ते सांगितलं. कारखान्यातल्या थंड खोलीत बोटं कशी बधिर व्हायची, सुपरवायझर बाई कशी होती, आम्ही तिला मराठीत तोंडावर काय म्हणायचो तेही सांगितलं. मुलगी हसली. किती रविवार बोलत होते कोण जाणे. मला वाटलं ही माझ्या आठवणी साठवतेय. आपण मेल्यावर पोरांना आवाज ऐकावासा वाटतो. त्यात वाईट काही नाही.

शेवटच्या रविवारी मी कोथिंबीर निवडत होते. ती म्हणाली, "आई, आता एक सांग. बाबांचं नाव काय?"

मी खाली बघितलं. हसलेही असेन. काही बोलले नाही. वरून विमान गेलं. आमच्याकडे विमान डोक्यावर आलं की सगळेजण वाक्य अर्धवट सोडून थांबतात आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलतात. हे विमान गेलं तरी मी बोलले नाही, तीही बोलली नाही. मग तिने बटण दाबलं, उठून माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि म्हणाली, "इट्स ओके, आई. इट्स ओके."

काय ओके ते मला कळलं नाही. मी तिला भाजीचा डबा दिला आणि ती गेली. मला दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं. गॅस बंद केला का ते दोनदा बघून आले.

जूनमध्ये तिने मला गॅलरीत नेलं, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी. म्हणाली, उद्या गर्दी असेल, आज निवांत बघ. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने गेलो, मध्ये गाडी बदलली. दाराशी कपाट होतं, त्यात बूट ठेवायचे. जपानी बाई वयाने माझ्याहून थोड्या लहान, केस पांढरे आणि बारीक कापलेले. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही केला.

आत एका ट्रेमध्ये बर्फाची लादी वितळत होती. एका भिंतीवर नुसता खिळा होता. एका टीव्हीवर कोणीतरी एकच कप विसळत होतं, विसळून झाला की पुन्हा तोच. मी मुलीला विचारलं, "हिला दुसरं काम नाही का?" ती म्हणाली, "आई, हळू. ती इथेच उभी आहे." उभी होती खरीच, एक उंच मुलगी, तिने माझ्याकडे बघून हात हलवला.

माझ्या मुलीचं काम शेवटच्या खोलीत होतं. खोली पांढरी, रिकामी. मध्ये एक खुर्ची आणि खुर्चीवर हेडफोन. भिंतीवर छोटं कार्ड. ती म्हणाली, "बस. ऐक."

मी बसले, कानाला लावलं. काही नाही. थोडी खरखर. मग विमान. मग परत काही नाही.

मी म्हटलं, "मशीन बिघडलंय."

"नाही बिघडलं. हेच आहे."

"हेच म्हणजे काय?"

"म्हणजे तू. मी बाबांचं नाव विचारलं आणि तू बोललीच नाहीस. तेवढंच ठेवलं. ते लूपवर आहे, परत परत तेच."

मला आधी समजायला वेळ लागला. मग मी विचारलं, "आणि बाकीचं कुठंय? शाळा, मोजे, ती सुपरवायझर?"

"ते कापलं."

"सगळं?"

"आई, ते पण छान होतं. पण हे जास्त स्ट्रॉंग आहे."

कार्डावर काय आहे ते मी तिला वाचायला सांगितलं. तिने आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. माझ्या आईने आयुष्यभर माझ्या वडिलांचं नाव उच्चारलं नाही. ही खोली त्या न उच्चारलेल्या नावाची आहे. असं काहीतरी.

मी खुर्चीवरून उठले. माझं डोकं फिरलं होतं. मी कारखान्यात भर शिफ्टमध्ये मॅनेजरला सुनावलेली बाई आहे. घरात हे कमी बोलायचे आणि मी जास्त. आणि इथे लोक येऊन, चपला काढून, माझं गप्प बसणं ऐकणार आणि म्हणणार, अरेरे, बिचारी. तोंड दाबलेली बाई. मी म्हटलं, "माझं जन्मभराचं बोलणं कापून टाकलंस आणि गप्प बसले तेवढं ठेवलंस?"

"आई, हे तुझ्याबद्दल नाही. हे साइलेन्सबद्दल आहे."

"मग स्वतःचा साइलेन्स लाव."

तेवढ्यात जपानी बाई चहा घेऊन आल्या, बिनदुधाचा, बिनदांडीच्या कपात. त्या इंग्रजीत म्हणाल्या, सगळ्या प्रदर्शनात तुमचं काम सगळ्यांत शांत आहे. मी म्हटलं, मी शांत नाही. त्यांनी मान डोलावली, जणू मी काही फार खोल बोलले.

जिन्याखाली आल्यावर मी मुलीला स्पष्ट सांगितलं. एक तर माझं बोलणं परत घाल, नाहीतर ते गप्प बसणं काढून टाक. नाहीतर मी उद्या येत नाही.

"उद्या ओपनिंग आहे. कॅटलॉग छापलाय. माझा पहिला खरा शो आहे, आई." तिचे डोळे लाल झाले. "तू आली नाहीस तर मी लोकांना काय सांगू?"

"सांग, आई गप्प घरी बसलीय."

ती स्टेशनपर्यंत सोडायला आली, पण मी एकटीच गाडीत चढले. घरी येऊन भांडी घासली, घासलेली पण घासली. मग माझ्या मैत्रिणीला फोन लावला. ती कोल्हापूरकडची, कारखान्यात माझ्या शेजारच्या पट्ट्यावर होती, ती डाळ-भाताचे डबे भरायची आणि मी गोड. गाव सोडलं पण आवाज सोडला नाही. तिला मी सगळं सांगितलं.

ती आधी पोटभर हसली. "तू गप्प? आणि लोक ऐकायला येणार? अगं, तिकीट काढून येईन मी."

"हसू नको. माझी अब्रू गेली."

"पण तू नाव घेतलं का नाहीस? विचारलं तर घ्यायचं."

"एकदा विचारलं म्हणून लगेच घ्यायचं?"

"एकदाच विचारलं?"

"एकदाच. मग मशीन बंद केलं."

"मग बरोबर," ती म्हणाली. "एकदा विचारल्यावर कोण नाव घेतं? मी लग्नात घास भरवताना चार वेळा नाही म्हटलं होतं. सासूबाई म्हणाल्या, आता घे बाई, भात गार झाला."

फोन ठेवला आणि मी जिन्याच्या पायरीवर बसले. मला माझंच गप्प बसणं आता कळलं. मी लाजत नव्हते, घाबरतही नव्हते, आणि नाव तोंडात अडकलंही नव्हतं. मी वाट बघत होते. आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं की बाईने आधी गप्प बसायचं असतं, खाली बघायचं असतं, आणि विचारणाऱ्याने "घे ना, घे ना" म्हणत मागे लागायचं असतं. तेव्हा मग उखाण्यात गुंफून नाव घ्यायचं. त्यातच मजा. पहिल्या विचारण्याला घेतलं तर लोक म्हणतील, हिला भारी घाई.

आणि हे गेल्यापासून मला कोणी नाव घ्यायला सांगितलंच नव्हतं. विधवेला सांगत नाहीत. मंडळाच्या कार्यक्रमात बाया एकमेकींच्या मागे लागतात आणि माझ्यापाशी आल्या की चमचे मोजायला लागतात. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण मुलीने विचारलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे खरं. मी तिच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले आणि ती "इट्स ओके" म्हणाली.

तिला कुठून कळणार? ती इथे जन्मली. लहान असताना तिच्या शाळेतली इंग्रज मुलगी आमच्याकडे जेवायला आली होती. मी पुरी वाढायला गेले, ती म्हणाली नो थँक्यू, तरी मी वाढली. मग तिसऱ्यांदा नो म्हटल्यावर तिचा चेहरा रडवेला झाला. नंतर माझी मुलगी माझ्यावर ओरडली, नो म्हणजे नो असतं. ती बरोबर होती, इथलं तसंच आहे. तिने ते इतकं शिकून घेतलं की मला आजारपणात सूप हवंय का विचारायची, मी नको म्हटलं की बाऊल घेऊन जायची. मी उपाशी झोपायचे आणि चिडायचे. दोघींनाही दोष देण्यात अर्थ नाही. पण भिंतीवर लावायचं तर जे घडलं ते लावावं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. जाणार नव्हते, पण मैत्रीण दारात उभी राहिली, साडी नेसून, पर्स घेऊन. म्हणाली, "चल, तुझं गप्प बसणं बघायचंय." आता इतकं म्हटल्यावर जावंच लागतं.

गर्दी होती. सगळे मोज्यांवर फिरत होते. मोठमोठी माणसं, महागाचे कपडे आणि अंगठ्याला भोक पडलेले मोजे. बर्फ निम्मा झाला होता. मुलीने मला बघितलं आणि तिचा चेहरा आधी सैल झाला, मग परत घट्ट. ती म्हणाली, "मी काही बदललं नाही."

"दिसतंय."

शेवटच्या खोलीत लोक रांगेत उभे राहून खुर्चीवर बसत होते. एक बाई हेडफोन काढून डोळे पुसत बाहेर आली. मला इतका राग आला की मी तिला सांगणारच होते, बाई, मी कोथिंबीर निवडत होते. पण मैत्रिणीने मला कोपराने ढकललं आणि स्वतः खुर्चीवर बसली. तिने कानाला हेडफोन लावले. डोळे मिटले. मी बघत होते. तिचा चेहरा आधी गंभीर, मग ओठ हलायला लागले. तिला माझं गप्प बसणं माझ्याइतकंच ओळखीचं होतं. चाळीस वर्षं तिने बायांना तसं गप्प बसलेलं बघितलंय.

आणि मग कानात हेडफोन असल्यामुळे आपला आवाज किती आहे ते न कळून ती ओरडली, "अगं घे ना नाव! लाजतेस काय! घे, घे!"

सगळ्या खोलीने वळून बघितलं. बाहेरच्या खोलीतले लोक दारात आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचा भाग आहे. जपानी बाई तोंडावर हात ठेवून हसत होत्या, खांदे हलत होते. मैत्रिणीने डोळे उघडले आणि हेडफोन काढले. "काय झालं? मी मोठ्यांदा बोलले का?"

मुलगी भिंतीपाशी उभी होती. तिने मला विचारलं, "ती काय म्हणाली?"

शब्द तिला कळले होते. ती दुसरंच विचारत होती.

मी म्हटलं, "असं विचारतात. एकदा विचारून थांबायचं नसतं. मागे लागायचं असतं. मी त्याची वाट बघत होते."

"तू थांबली होतीस? माझ्यासाठी?"

"मग काय विमानासाठी?"

ती रडली वगैरे नाही, मी तिला तसं वाढवलेलं नाही. नुसती उभी राहिली आणि मग पटकन म्हणाली, "पण मग हे पूर्ण कामच चुकीचं आहे."

मी म्हटलं, "ते मला काय माहीत? मला कल्पनांतलं कळत नाही. कार्डावर माझ्याबद्दल जे लिहिलंय तेवढं खोटं आहे."

तिने कार्डापाशी जाऊन ते भिंतीवरून सोलून काढलं. लोक बघत होते. रांगेतला एक माणूस म्हणाला, एक्स्क्यूज मी, मी अजून वाचलं नाही. तिने कार्ड उलटं केलं, जपानी बाईंकडून पेन्सिल घेतली आणि मागच्या बाजूला एकच ओळ लिहिली आणि परत चिकटवलं. अक्षर वाकडं आलं होतं. मी तेवढं इंग्रजी वाचू शकते. लिहिलं होतं, मी एकदाच विचारलं.

जपानी बाई पुढे झाल्या, वाचलं, कॅटलॉगमध्ये दुसरंच आहे असं काहीतरी म्हणाल्या. मग म्हणाल्या, असू दे. मला वाटतं त्यांना राग आला होता, पण त्यांच्यात तो दाखवत नसावेत. माझं गप्प बसणं तसंच राहिलं, लूपवर. मला अजूनही ते पसंत नाही. पण आता त्यात ती पण होती, मी एकटी नव्हते.

उद्घाटन संपल्यावर बाकीचे पबमध्ये निघाले. तो कप विसळणारी मुलगी हिला ओढत होती. ही म्हणाली, आज नाही, आणि आमच्याबरोबर आली.

पिकॅडिली लाइनला बसायला जागा मिळाली. मैत्रीण समोर बसली आणि दोन स्टेशनांत तिला झोप लागली. बोगद्यात गाडी इतकी खडखडते की बोलणं होत नाही. मुलगी माझ्या कानाशी वाकली.

"आई, बाबांचं नाव काय?"

मी खिडकीकडे बघितलं. काळोखात आम्ही दोघी दिसत होतो.

"आई. घे ना."

"मशीन कुठंय?"

"नाही आणलं. घे ना, प्लीज."

"प्लीज म्हणायचं नसतं. हक्काने म्हणायचं."

"घे!" ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या माणसाने पेपर खाली केला.

उखाणा मी काही ठरवून ठेवला नव्हता. जुने होते ते चांदीचं ताट आणि रुप्याची वाटी, ते मला आता बोलवत नाहीत. तोंडाला आला तो घेतला:

"विमानातली जेवणं भरली, कधी नाही चाखली,
अमक्यांच्या नावाची जागा लेकीसाठी राखली."

अमक्यांच्या जागी मी यांचं नाव घेतलं. इथे लिहीत नाही. ज्याला हवंय त्याने घरी यावं आणि एकदा विचारून परत जाऊ नये.

नेमकी त्याच वेळी गाडी बोगद्यातून बाहेर आली. जूनचा उजेड होता, आठ वाजून गेले तरी. खडखडाट एकदम कमी झाला आणि मी एवढ्या मोठ्यांदा बोलत होते की शेवटचे शब्द सगळ्या डब्याने ऐकले. त्यातलं नाव मुलीने ऐकलं की ते बोगद्यातच राहिलं, ते मला समजलं नाही. तिचा चेहरा बघून काही सांगता येईना. ती माझ्या हाताकडे बघत होती.

मैत्रिणीने एक डोळा उघडला. "काय गं? नाव घेतलंस? मला नाही ऐकू आलं. परत घे."

"एकदा घेतलं. बस."

"असं कसं बस? परत घे."

"झोप तू."

मुलीने मान वर केली. "घे ना, आई," ती म्हणाली, आणि माझी बाही धरून ओढली, लहानपणी दुकानात ओढायची तशी. "परत घे."

मी दोघींकडे बघितलं आणि गप्प बसले.